खो देऊन बसण्याची विद्या

गेल्या महिन्यांत नांदेडहून एका भगिनीचें पत्र आलें. चार पानांचें पत्र, अक्षर वळणदार. पण लिहिणारीच्या मनाची ओढाताण ओळीओळींतून दिसत होती. त्यांचें घर मोठें आहे. मामंजी, आत्याबाई, तिघे भाऊ, तिघी जावा आणि मुलें मिळून रोज चौदा पानें मांडावीं लागतात. थोरल्या दिरांचा मुलगा यंदा दहावींत आहे. शाळेच्या खो-खो संघांत त्याची निवड झाली. पण ती राखीव गडी म्हणून. म्हणजे सामना सुरू झाला कीं हा बाहेर बसणार, फक्कीच्या रेघा मारणार, पाण्याचें पिंप भरून ठेवणार, आणि कोणाचा पाय मुरगळला तरच त्याला मैदानांत पाऊल टाकावयास मिळणार. तालीम रोज सायंकाळीं दीड तास. नेमकी तीच वेळ शिकवणीच्या वर्गाची.

घरांत वाद माजण्यास इतकें निमित्त पुरलें. मुलाचे वडील म्हणतात, "खेळायला मिळत असतं तर एक वेळ समजलों असतों. दुसऱ्याला पाणी पाजायला का मी मुलगा शाळेंत घातला आहे?" मामंजी म्हणतात, "जाऊं द्या रे, पोर चार घटका मोकळ्या हवेंत राहील." मधल्या दिरांनीं तोड सुचविली कीं, शाळेंत जाऊन भेटावें, मुख्य संघांत घेत असतील तर पाठवावें, निदान परीक्षेला क्रीडागुण तरी पदरांत पडतील. मुलगा कांहींच बोलत नाहीं, पण संध्याकाळ झाली कीं त्याचें पुस्तकांतलें लक्ष उडतें. अशा स्थितींत काय करावें, असें भगिनींनीं आम्हांस विचारलें आहे. पत्राच्या अगदीं शेवटीं, सहीच्या वर, त्यांनीं सहज एक वाक्य घातलें आहे: 'माझी मुलगी त्याच शाळेंत आठवींत आहे. सामन्यांच्या वेळीं गुण लिहिण्याचें काम तीच करते. तिच्याविषयीं घरांत कांहीं वाद नाहीं.' हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्याकडे आम्हांस पुन्हां यावयाचें आहे.

प्रश्न एका घरचा दिसतो, पण तो तसा नाहीं. लातूर आणि नांदेड हीं दोन्ही नगरें आज विद्येचीं पीठें झालीं आहेत. 'लातूर पॅटर्न' हें नांव महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? दूरदूरच्या जिल्ह्यांतलीं मुलें येथें खोली घेऊन राहतात, खाणावळींत जेवतात, आणि वैद्यकीच्या व इंजिनियरिंगच्या प्रवेशपरीक्षांसाठीं रात्रीचा दिवस करितात. आम्हां मराठवाड्याच्या शिक्षकांस याचा अभिमानच वाटतो. निजामी राजवटींत मातृभाषेंतून शिकावयास मिळणें कठीण होतें. खाजगी शाळा काढावयाची तर परवानगीसाठीं उंबरे झिजवावे लागत. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हा प्रांत मोकळा झाला. १९५० सालीं नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें, आणि १९९४ सालीं, त्याच मुक्तिदिनीं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें विद्यापीठ नांदेडांत स्थापन झालें. ज्या प्रांतानें विद्येची इतकी उपासमार सोसली, तेथलीं घरें पुस्तकावर तुटून पडलीं तर त्यांत नवल कसलें?

पण त्याच इतिहासांतली एक गोष्ट आपण विसरलों आहों. त्या राजवटीनें निर्बंध घातले ते केवळ शाळांवर नव्हते. सभांवर होते आणि आखाड्यांवरहि होते. राज्यकर्त्यांस शाळा आणि आखाडा या दोहोंचें भय वाटत होतें. पुस्तक वाचणारा तरुण एकटा असतो. पण जो रोज दहा सोबत्यांसह मातींत उतरतो, शिटी वाजतांच थांबतो, पडलेल्यास उठवितो, तो उद्यां गांवाचें काम पडल्यास दहा जणांसह उभा राहूं शकतो. स्वामीजी स्वतः आधीं शिक्षक होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत आणि नंतर आंबेजोगाईस त्यांनीं मुलें घडविलीं, आणि मगच चळवळ उभारली. आज कोणतीहि राजवट आपल्या मुलांस मैदानावर जाण्यास बंदी करीत नाहीं. ती बंदी आपण आईबाप आणि शिक्षकच करूं लागलों आहों, तीहि मुलांच्या कल्याणासाठीं!

आतां नायकपण म्हणजे काय, याचा थोडा विचार करूं. आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला, म्हणून वाचकांनीं एवढें व्याकरण सोसावें. नेता आणि नायक हे दोन्ही शब्द 'नी' या धातूपासून झाले आहेत. नी म्हणजे नेणें. हा धातु द्विकर्मक आहे. 'शेळीला गांवास नेतो' हें त्याचें ठरलेलें उदाहरण प्रत्येक विद्यार्थी घोकतो. म्हणजे या क्रियेस एका कर्मानें भागत नाहीं: कोणाला नेतो हें सांगावें लागतें, आणि कोठें नेतो हेंहि सांगावें लागतें. जो नुसताच सर्वांच्या पुढें धांवतो, त्याच्या मागें कोणी नसेल आणि त्याला जावयाचें ठिकाण ठाऊक नसेल, तर व्याकरणानें तरी त्याला नायक म्हणतां येणार नाहीं.

आमच्या देशी खेळांत हें व्याकरण मुरलेलें आहे. खो-खोच पाहा. पाठलाग करणारे नऊ गडी. त्यांपैकीं आठ मधल्या पट्टींत उकिडवे बसतात, एकाचें तोंड इकडे तर शेजारच्याचें तिकडे. नववा धांवतो. धांवणाऱ्यास मधली पट्टी ओलांडतां येत नाहीं, आणि एकदां दिशा धरिली कीं खांबाला वळसा घातल्यावांचून मागें फिरतां येत नाहीं. प्रतिपक्षाचा गडी पट्टीच्या पलीकडे निसटला कीं याच्या धांवण्यास अर्थ उरत नाहीं. तेव्हां यानें बसलेल्या सोबत्याच्या पाठीमागें जावें, त्याला स्पर्श करून 'खो' म्हणावें, आणि त्याच्या रिकाम्या जागेवर स्वतः बसावें. जो खो देण्यास उशीर करितो, मीच बाद करीन म्हणून हट्टानें धांवत राहतो, तो कितीहि चपळ असला तरी संघाला हरवितो. मोठमोठ्या मंडळ्यांना आणि संस्थांना जें साधत नाहीं, तें या खेळांत बारा वर्षांचें पोर दर मिनिटाला करितें.

हें आम्हीं पुस्तकांत वाचून शिकलों नाहीं. फार उशिरां शिकलों, आणि शिकतांना आमची मानहि खालीं गेली. ती हकीगत सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

१९९३ सालच्या सप्टेंबरची ३० तारीख लातूरकर कधींहि विसरणार नाहींत. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपति पोंचवून गांवें उशिरां निजलीं होतीं. पहांटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत धरणी हालली. त्या भागांतलीं घरें दगडमातीच्या जाड भिंतींचीं, वर माळवदाचा मातीचा भार. निजलेल्या माणसांवर तीं तशींच बसलीं. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ-दहा हजार माणसें गेलीं. वर पाऊस लागला. आम्ही त्या काळीं लातूर जिल्ह्यांतल्याच एका शाळेवर होतों. तिसऱ्या दिवशीं पालकांची संमति घेऊन दहावीचे अकरा विद्यार्थी आम्हीं एका मालमोटारींतून नेले. ढिगाऱ्यांकडे फिरकावयाचें नाहीं, अशी त्यांस ताकीद होती. त्यांचें काम सडकेच्या कडेला, पाण्याच्या टँकरपाशीं आणि येणाऱ्या मदतीपाशीं.

मदत खूप येत होती, पण तिला वाट नव्हती. कपड्यांचे ढीग चिखलांत पडत होते. जो धडधाकट तो दोन्ही हातांनीं घेई. जी म्हातारी झाडाखालीं सुन्न बसलेली, तिच्यापर्यंत कांहींच पोंचत नव्हतें. आमच्या संघाचा नायक मोठा तडफदार मुलगा होता. जिल्ह्यांत त्याच्या पळण्याला तोड नव्हती. तो झटक्यासरशीं गाडीवर चढला आणि एकटाच वाटूं लागला. "मागें व्हा, मागें व्हा" असें ओरडून ओरडून दुपारपर्यंत त्याचा घसा बसला. लोकांशीं बाचाबाची झाली. सोबत्यांनीं हात लावलेला त्याला खपेना. आणि शेवटीं तो चाकापाशीं बसून रडूं लागला. त्याला आम्ही दोष देत नाहीं. सोळा वर्षांचें पोर तें. त्याला आम्हीं जें शिकविलें होतें, तेंच त्यानें केलें.

त्याच संघांत एक राखीव गडी होता. दोन वर्षांत तो एकदांहि सामन्यांत उतरला नव्हता. रेघा मारणें, पाणी आणणें आणि गुणांची वही लिहिणें ही त्याची कामगिरी. ती वही त्याच्या पिशवींत होती. त्यानें मागचीं कोरीं पानें उघडलीं, सामन्याच्या तक्त्यासारखे रकाने आंखले, आणि झाडाखालच्या म्हातारीपुढें जाऊन बसला. "आजी, घरचीं माणसं किती? नांवं सांगा." म्हातारीनें नऊ नांवें सांगितलीं. त्यानें नऊहि लिहिलीं. मग हळूच विचारलें, "आतां इथं कितीजण आहेत?" म्हातारी बोलली नाहीं, तिनें दोन बोटें वर केलीं. मुलानें बाकीचीं नांवें खोडलीं नाहींत. त्यांच्यापुढें जागा कोरी ठेविली आणि दोन पांघरुणें, दोन माणसांचें पाणी, अशी नोंद केली. मग तो दुसऱ्या झाडाकडे गेला. सायंकाळपर्यंत त्या वहींत साठएक घरें उतरलीं होतीं, आणि वहीच्या क्रमानें नांव पुकारून वाटप होऊं लागलें. नायक असलेला मुलगाहि डोळे पुसून उठला आणि वहींतल्या नांवाबरहुकूम सामान पोंचवूं लागला. ओझें उचलावें त्यानेंच.

पुढल्या दिवशीं गांवची माहिती असलेला एक सरकारी माणूस नोंदवही घेऊन आला. आमच्या मुलानें आपली वही त्याच्या हातीं दिली, शेजारची बादली उचलली, आणि तो पाण्याच्या रांगेकडे गेला. "अरे, तुझं काम तूं कां सोडलंस?" असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "सर, त्यांना सगळीं घरं ठाऊक आहेत. माझ्याहून ते चांगलं लिहितील." त्यानें खो दिला होता आणि तो बसला होता.

शाळा पुन्हां सुरू झाल्यावर सहामाहीचीं प्रगतिपुस्तकें आमच्या हातीं आलीं. त्या मुलाच्या पुस्तकांत मागल्या घटकचांचणीचा शेरा आमच्याच अक्षरांत होता: 'खेळांत वेळ फुकट घालवितो, पालकांनीं लक्ष द्यावें.' त्याच्या वडिलांस बोलावून, मुलाला मैदानावरून काढा, असेंहि आम्हीं सांगितलें होतें. तो शेरा आम्हीं बदलला, पण लिहिला होता हें कांहीं बदलत नाहीं.

या प्रसंगावर पुढें पुष्कळ विचार केला. खेळ खेळला कीं मुलांत नायकाचे गुण येतात, असें सर्रास म्हणतात. तें खरें नाहीं. तसें असतें तर आमचा पहिला मुलगा त्या दिवशीं हतबल झाला नसता. खेळ कसा चालविला जातो यावर सारें अवलंबून आहे. राखीव मुलगा दोन वर्षें रेघेबाहेर बसून सबंध मैदान पाहत होता. कोण केव्हां दमतो, कोणाला पाणी लागतें, हें त्याला दिसत होतें. आपल्या संघाचा गडी बाद झाला तरी खरा गुण लिहिण्याची त्याच्या हाताला संवय लागली होती. उलट दुसऱ्या मुलाला आम्हीं नेहमीं पुढें केलें, टाळ्या दिल्या. पण फक्कीचें घमेलें त्याच्या हातीं कधीं दिलें नाहीं, आणि एकहि सामना त्याला बाहेर बसविला नाहीं. एकाला सेवा आपोआप मिळाली, दुसऱ्याची ती आम्हीं चुकविली.

जाणत्या लोकांनीं ही सांगड फार पूर्वींच ओळखिली होती. १९०७ सालीं इंग्लंडांत बेडन-पॉवेल यांनीं ब्राउनसी बेटावर वीसएक मुलांची छावणी भरविली. त्यांत बड्या घरचीं मुलें होतीं आणि कामकऱ्यांचींहि होतीं. त्यांच्या लहान लहान टोळ्या करून प्रत्येक टोळीचा कारभार त्यांतल्याच एका मुलाकडे सोंपविला, आणि त्यांतून बालवीरांची चळवळ जगभर गेली. आपल्याकडे अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढिलें. त्याच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळ जगास दाखविले. डॉ. ना. सु. हर्डीकरांनीं १९२३ च्या काकिनाडा काँग्रेसच्या सुमारास हिंदुस्थानी सेवा दल उभारून तरुणांस कवाईत आणि सेवा एकत्र शिकविली. १९४१ सालीं एस. एम. जोशी प्रभृतींनीं पुण्यांत राष्ट्र सेवा दलाची उभारणी केली, तीहि मैदानावरच्या शाखेपासून. अलीकडचें पाहावयाचें तर २०१२ सालचे लंडनचे ऑलिंपिक सामने सुमारें ७०,००० स्वयंसेवकांनीं चालविले. पदकें जिंकणाऱ्यांचीं नांवें जगानें वाचलीं. वाट दाखविणारे आणि पाणी देणारे नसते, तर तीं पदकें द्यावयास मैदानच सिद्ध झालें नसतें.

आणि नांदेडकरांस तर यासाठीं परदेशीं पाहण्याचें कारणच नाहीं. गोदावरीकांठीं सचखंड हुजूरसाहिबचा गुरुद्वारा आहे. १७०८ सालीं गुरु गोविंदसिंगांनीं तेथें देह ठेविला. तेथें सणाच्या दिवशीं तरुण शस्त्रांचे खेळ खेळतात, गटका फिरवितात. गुरूंच्या नांवानें शहरांत देशभरच्या संघांचे हॉकीचे सामनेहि भरतात. तोच तरुण दुसऱ्या घटकेला लंगरांत ताटें घाशीत बसलेला दिसतो, आणि त्यांत त्याला कमीपणा वाटत नाहीं. वीराच्या हातानें खरकटें काढावें हा तेथला नित्याचा पाठ आहे. आपल्या घरांतलीं मुलें तेथवर चालत जाऊं शकतात. एकदां नेऊन दाखवावें.

खेळाडूंची पिढी खो देऊन पुढची पिढी कशी उठविते, याचें उदाहरण लातूरच्या मातींत आहे. निलंगा तालुक्यांतल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९७० सालीं एडिंबरोच्या राष्ट्रकुल सामन्यांत कुस्तीचें सुवर्णपदक घेऊन आले. पुढें ते पुण्यास वस्ताद होऊन बसले. लातूरचेच काका पवार अर्जुन पुरस्काराचे मानकरी. त्यांनींहि पुढें पुण्यास तालीम चालविली. बीड जिल्ह्यांतला राहुल आवारे हा मल्ल आधीं बिराजदारांच्या आणि नंतर काका पवारांच्या हाताखालीं तयार झाला. त्यानें २०१८ सालीं राष्ट्रकुल सामन्यांत सुवर्णपदक आणि २०१९ सालीं जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. बिराजदार २०११ सालींच निवर्तले. तें सुवर्णपदक त्यांनीं पाहिलें नाहीं. पण खो त्यांनीं दिलेला होता.

मुलींचें काय, असें कोणी विचारील तर उत्तर तितकेंच जवळ आहे. पूर्वीं लातूर ज्या जिल्ह्याचा भाग होतें, त्या उस्मानाबादची सारिका काळे खो-खोच्या राष्ट्रीय संघाची कर्णधार झाली आणि २०२० सालीं अर्जुन पुरस्काराची मानकरी ठरली. २०२५ च्या जानेवारींत दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली; भारताच्या पुरुषांनीं आणि स्त्रियांनीं दोन्ही चषक जिंकिले. स्त्रियांच्या संघाची नायिका प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यांतली. आणि २०२४ सालीं पॅरिसच्या पॅरालिंपिक सामन्यांच्या उद्घाटनाला भारताचा ध्वज ज्या दोघांच्या हातीं होता, त्यांपैकीं एक भाग्यश्री जाधव ही नांदेड जिल्ह्याची कन्या.

आतां आक्षेपांकडे वळूं. परीक्षेचें वर्ष आहे, हा पहिला आक्षेप. आणि तो खोटा नाहीं. पण कालिदासाच्या कुमारसंभवाचा पांचवा सर्ग आठवावा. देह हें धर्माचें पहिलें साधन, या अर्थाचें वचन व्यायामशाळांच्या भिंतींवर लिहिलेलें असतें. तें कोणी कोणास म्हटलें हें मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. बटूच्या वेषांतला शंकर तें पार्वतीस म्हणतो, आणि पार्वती आळस करीत नव्हती. ती तपाचा अतिरेक करीत होती! पहांटे पांचापासून रात्रीं अकरापर्यंत पुस्तकावर वांकलेलीं आपलीं मुलें पाहिलीं कीं त्या बटूची आठवण होते. दीड तास मैदानावर गेल्यानें दहावी बुडत नाहीं. पण चौदा तास एके जागीं बसवून ठेविलेला मुलगा मनानें बुडूं शकतो.

दुसरा आक्षेप मधल्या दिरांचा: खेळायचें तर गुणांसाठीं खेळावें. बोर्डाच्या परीक्षेंत खेळाडूंस वाढीव गुणांची सवलत आहे, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं ५ टक्के जागा राखीव आहेत, आणि खऱ्या खेळाडूस त्या अवश्य मिळाव्यात. परंतु खोटीं क्रीडाप्रमाणपत्रें करून नोकऱ्या मिळविल्याचीं प्रकरणेंहि महाराष्ट्रानें पाहिलीं आहेत. मैदानावर पाऊल टाकण्यापूर्वींच ज्या मुलाला घरांतून कागदाची आठवण करून दिली जाते, त्याला आपण त्याच वाटेच्या तोंडाशीं उभें करितों.

तिसरा आक्षेप आमचा स्वतःचा आहे. सगळीं मैदानें पवित्र नसतात. कोठें दांडगाई चालते, कोठें शिक्षक आपल्या मर्जींतल्या मुलांनाच खेळवितो, कोठें संघाच्या जागीं गट तयार होतो आणि तोच गट उद्यां गल्लींत दहशत घालतो. म्हणून आईबापांनीं मूल पाठवून स्वस्थ बसूं नये; जाऊन पाहावें. ज्या शाळेंत नायकपद दर महिन्यास बदलतें, रेघा मारण्याची आणि गुण लिहिण्याची पाळी प्रत्येकावर येते, मोठीं मुलें लहानांच्या सामन्यांत पंच होतात, आणि जिंकलेला संघच शेवटीं सामान गोळा करितो, ती शाळा मुलांस नायक होण्यास शिकवीत आहे असें खुशाल समजावें. अशा संघांना गांवच्या कामाशीं जोडून देणें अवघड नाहीं. माळेगांवची खंडोबाची यात्रा आहे, लातूरची सिद्धेश्वराची यात्रा आहे. दोहोंत कुस्त्यांचे फड पडतात. तेथें पाणपोई, हरवलेल्या मुलांची चौकी आणि प्रथमोपचार हीं कामें शाळांच्या संघांनीं वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीं कां घेऊं नयेत? २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूरला आगगाडीनें पाणी आणावें लागलें. त्याच उन्हाळ्यांत शेजारच्या आंबेजोगाई तालुक्यांतलीं गांवें 'वॉटर कप' नांवाच्या स्पर्धेंत उतरून ४५ दिवस श्रमदान करीत होतीं. चढाओढीची ईर्ष्या आणि सेवा यांचें वांकडें नाहीं, हें त्या गांवांनीं दाखविलें.

म्हणून भगिनींस आमचें सांगणें असें. मुलाला जाऊं द्यावें, आणि राखीव गडी म्हणूनच जाऊं द्यावें. मुख्य संघांत घ्या, अशी भीड घालावयास शाळेंत कोणीहि जाऊं नये. त्याची जागा त्यानेंच मिळवावी, न मिळाल्यास जी मिळाली ती नीट सांभाळावी. शिकवणीची वेळ बदलून घ्यावी. तसें न जमल्यास घरांत तिघे भाऊ आहेत, त्यांनीं जेवणानंतरचा एकेक तास वांटून घ्यावा. एकत्र कुटुंबाचा उपयोग अशाच वेळीं व्हावयाचा. पहाटेचा अभ्यास चुकला तर सायंकाळची तालीम बंद, हा नेम मामंजींनीं घालावा. त्यांचा शब्द मुलगा मोडणार नाहीं. आणि थोरल्या दिरांनीं एक सामना स्वतः जाऊन पाहावा. आपला मुलगा पाणी देतो तेव्हां दमलेला गडी त्याच्याकडे कसा पाहतो, तेवढें पाहून यावें. मग जो निर्णय ते देतील तो आम्हांस मान्य आहे.

आतां तें शेवटचें वाक्य. आठवींतली मुलगी सामन्याचे गुण लिहिते, आणि तिच्याविषयीं घरांत वाद नाहीं. भगिनी, वाद नाहीं याचें कारण तिच्याकडे अद्याप कोणीं पाहिलेलेंच नाहीं. मुलाच्या राखीव जागेवर घरांत चार दिवस चर्चा झाली. ही मुलगी भर मैदानांत दोन संघांमध्यें बसून, भावाच्या शाळेविरुद्ध गेलेला गुणहि निर्भयपणें लिहिते, ही गोष्ट पत्राच्या तळाशीं एका ओळींत मावली. किल्लारीच्या सडकेवरची ती वही आम्हांस आजहि दिसते. तिच्या लेखकाकडेहि आमचें लक्ष दोन वर्षें गेलें नव्हतें.

आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर तिची वही मागून घ्यावी आणि मामंजींच्या हातीं द्यावी. मामंजींनीं ती पानें उलटून पाहावीं, आणि सर्वांच्या देखत तिला विचारावें, "बाळ, हे रकाने कसे मांडलेस, मला समजावून सांग." बाकीच्यांनीं ऐकावें. पुढल्या पत्रांत ती काय म्हणाली तें आम्हांस अवश्य कळवावें.